आमसुलं ऑनलाइन कुठे विकायची: गटाच्या प्रकल्प नोंदी, 2025

8 एप्रिल 2025

आमच्या बचत गटाच्या कालच्या बैठकीत ठरलं की यंदाची सगळी आमसुलं कुडाळच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायची नाहीत, काही माल ऑनलाइन विकायचा. कुठे विकायचा ते शोधून काढणं माझ्याकडे आलं. हिशेबाची वही माझ्याकडे असते, हे त्याचं एकमेव कारण.

बैठकीत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, ॲमेझॉन. तिथली ताजी गोष्ट अशी की कालपासून, म्हणजे 7 एप्रिलपासून, त्यांनी 300 रुपयांखालच्या वस्तूंवरचं कमिशन काढून टाकलंय. 135 प्रकार, 1.2 कोटींहून जास्त वस्तू. मीशोचं कमिशन तर 2021 पासूनच शून्य आहे. फ्लिपकार्टची ‘समर्थ’ योजना आहे, कारागीर आणि बचत गटांसाठी. ओएनडीसी हे दुकान नाही, जाळं आहे. एका विक्रेता-ॲपवर माल चढवला की तो वेगवेगळ्या खरेदी-ॲपवर दिसतो. ग्रामीण विकास मंत्रालयाचं ई-सरस खास गटांच्या मालासाठी आहे. जेम हे सरकारी खात्यांच्या खरेदीचं पोर्टल. तिथे आमसुलं कोण घेणार? यादीतून काढलं.

आणि व्हॉट्सॲप. त्याला कोणी बाजारपेठ म्हणत नाही, पण गेल्या वर्षी आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) बाटल्या मुंबईला गेल्या त्या सगळ्या त्याच्यावरूनच.

प्रत्येक ठिकाणाला चार प्रश्न विचारायचे असं ठरवलं. गिऱ्हाईक कोण? वाहतूक कोणाच्या खिशातून? पैसे कधी येणार? आणि खातं कोणाच्या नावावर? ‘कमिशन किती’ हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला. तो सगळे विचारतात, म्हणून तर जाहिरातीत त्याचंच उत्तर मोठ्या अक्षरांत असतं.

12 एप्रिल

आज दिवसभर जीएसटी. साध्या दुकानदाराला मालाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पण ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचं म्हटलं की पहिल्या रुपयापासून नोंदणी, असा नियम होता. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो सैल झाला. मर्यादेच्या आतल्या लहान विक्रेत्यानं पॅनवर जीएसटी पोर्टलवरून फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विकायला लागायचं. अट एवढीच की माल राज्याबाहेर जाता कामा नये.

आता गंमत बघा. नोंदणीशिवाय आपलं पार्सल थेट गडचिरोलीला जाऊ शकतं, पण बांद्याचा नाका ओलांडून म्हापशाला नाही. आपल्याला पणजी दीड-दोन तासांवर, आणि गोवेकराला आमसूल म्हणजे काय हे समजावायचीही गरज नाही. ते गिऱ्हाईक सध्या सोडायचं.

नोंदणी घ्यावी का, यावर सीएंशी बोलणं झालं. विवरणपत्रं तिमाही भरता येतात, पण विक्री शून्य असली तरी भरावीच लागतात, आणि त्यांची फी वर्षभर चालू. पहिल्या वर्षी मुंबई, ठाणे, पुणे एवढं पुष्कळ झालं. नावनोंदणी क्रमांकावरच सुरुवात करायची. काही बाजारपेठा असे विक्रेते घेतात, काही सरळ जीएसटी क्रमांकच मागतात. यादी इथेच निम्मी झाली. मोठं नाव असलेली ठिकाणंही त्यात गळाली, बैठकीत हे सांगताना तोंडं उतरणार आहेत.

19 एप्रिल

खातं कोणाच्या नावावर, यावर आजची बैठक गेली. फॉर्ममध्ये पर्याय असतात ते मालक, भागीदारी, कंपनी. ‘बचत गट’ असा रकाना एका ठिकाणी होता, दुसरीकडे नव्हताच. सोपा मार्ग म्हणजे एकीच्या नावावर मालकी दाखवायची, तिचा पॅन, तिचं बँक खातं. अध्यक्ष काकींचं नाव पुढे आलं तशा त्या लगेच म्हणाल्या, “माज्या नावावर नको गो. पैसे माज्या खात्यात येतले, आणि उद्या घरात नि गावात दोनीकडे बोलणी माकाच बसतली.”

त्यांचं बरोबर आहे. शिवाय एकीच्या पॅनवर विक्री म्हणजे ते उत्पन्न कागदावर तिचंच. गटाचा पॅन आहे, बँकेत गटाचं खातं आहे, तिघींच्या सह्या चालतात. त्यावरच अर्ज करायचा. वेळ लागला तर लागू दे.

एक बारीकशी गोष्ट सीएंनी सांगितली ती इथे टिपून ठेवते. बाजारपेठ विक्रेत्याचे पैसे देताना 194-ओ कलमाखाली प्राप्तिकर कापते. पूर्वी 1 टक्का होता, 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का. वर्षाला 5 लाखांच्या आत विक्री असेल तर कापत नाहीत, पण ती सूट व्यक्तीला, गटाला नाही. हजाराला एक रुपया जाईल. जाऊ दे.

27 एप्रिल

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी झाली. 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, वर्षाला 100 रुपये. आपण पाच वर्षांचे एकदम भरले. नोंदणी जागेची असते, म्हणून शाळेमागच्या शेडचा पत्ता दिला. फळं ज्याच्या त्याच्या अंगणात फोडली-सुकवली तरी निवडणं, वजन, भरणं, सील सगळं शेडमध्येच करायचं, यावर सगळ्या तयार झाल्या. एक-दोघी नाराज आहेत, लांब पडतं म्हणून.

लेबलवर काय काय हवं याची यादी वाढतच चाललीय. हिरवा ठिपका, 14 आकडी नोंदणी क्रमांक, घटक (कोकम, मीठ, बस्स), निव्वळ वजन, एमआरपी, दर ग्रॅमची किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, किती दिवसांत वापरावं, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन.

त्या शेवटच्या रकान्यावर आज बराच वेळ विचार केला. ऑनलाइन बाजारपेठ आपल्याला गिऱ्हाइकाचा नंबर देत नाही. ते माणूस त्यांचं. पार्सलात ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी घालणं नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. पण लेबलवर ग्राहकाला संपर्क करता येईल असा नंबर छापणं कायद्यानंच सक्तीचं आहे. मग तो नंबर कोणी उचलणारा असला पाहिजे, बंद पडलेलं जुनं सिम नव्हे. सचिव वहिनींचा दिला. त्या फोनवर गोड बोलतात.

6 मे

आज मुख्य काम झालं. वजनाचा हिशेब.

200 ग्रॅम आमसुलांचं पाकीट, झिपवाल्या जाड पाउचसकट 215 ग्रॅम भरतं. कुरिअरची पिशवी धरून 230. वाहतुकीचा दर लागतो तो पहिल्या 500 ग्रॅमच्या टप्प्याचा. म्हणजे एक पाकीट पाठवलं तर उरलेल्या 270 ग्रॅमचे पैसे हवेचे. दोन पाकिटं एका पिशवीत घातली तर 460 च्या आत बसतात आणि वाहतूक तेवढीच. तीन घातली की दुसरा टप्पा.

खोक्याचं आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि 5000 नं भागायचं. जे जास्त भरेल ते वजन धरतात. 20 बाय 15 बाय 6 चं खोकं 360 ग्रॅमचं ठरतं, म्हणजे अजून टप्प्यात आहे. पण वहिनींनी आणलेलं ते सुंदर मिठाईचं खोकं 25 बाय 20 बाय 8 निघालं. 800 ग्रॅम! आत 400 ग्रॅम माल आणि बाकी शोभा. खोकं रद्द, पिशवी पक्की.

आता जोडपाकिटाचा भाव. पहिला अंदाज 260 रुपये होता:

फळ, मीठ, मजुरी मिळून 400 ग्रॅमला 112. पाउच आणि लेबलं 18. पिशवी, चिकटपट्टी 7. वाहतूक, ठरावीक शुल्क आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी मिळून दूरच्या पत्त्याला 100 धरले. (हा जीएसटी नोंदणी नसलेल्याला परत मिळत नाही, म्हणून तो पूर्ण खर्चच.) एकूण 237. हातात 23.

व्यापारी किलोला 340 देतो. 400 ग्रॅमचे 136, त्यातून 112 गेले की 24 राहतात. तेही रोख, आणि शेडमध्ये न बसता.

हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून मी बैठकीत फिरवले. कोणी काही बोललं नाही, मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. ‘शून्य कमिशन’ हे शब्द त्यानंतर बैठकीत कोणी तोंडी घेतले नाहीत. कमिशन गेलं तरी गाडीचं भाडं कुठे जात नाही. ते विक्रेत्याच्या नावावर लावोत की गिऱ्हाइकाच्या, निघतं त्याच 260 मधून.

भाव 299 ठरवला. हातात 62 राहतात. 300 च्या आतला, म्हणजे पुढेमागे जीएसटी घेऊन ॲमेझॉनवर गेलो तरी त्याच भावात बसेल. 400 ग्रॅमला 299 महाग आहे का? शोधून बघितलं, बाजारात दोन्ही बाजूंचे भाव आहेत. स्वस्तात विकणाऱ्यांच्या फोटोंमध्ये निम्म्या ठिकाणी चक्क मलबारची कुडंपुळी दिसते. ती वेगळी, तिकडच्या माशाच्या कालवणातली. झाड कोकमाच्या गोतातलं, पण फळ आमसुलाचं नव्हे. अशांशी भावात कशाला लढायचं?

13 मे

आगळ. एक लिटरची बाटली भरून सव्वा किलोच्या घरात, म्हणजे वाहतुकीचा टप्पा तिसरा. बाटलीची किंमत काय आणि भाडं काय, मेळ बसेना. तरी चाचणी घेतली.

आगळात मीठ आणि आंबटपणा इतका की पत्र्याचं झाकण महिन्या-दोन महिन्यांत आतून गंजतं. म्हणून प्लास्टिकची बाटली, तोंडावर फॉइलचं सील, वर झाकण. सीलचं हातयंत्र शेजारच्या गावच्या गटाकडून आणलं. बाटलीच्या तोंडावर आगळाचा एक थेंब जरी राहिला तरी फॉइल धरत नाही. आधी सुक्या फडक्यानं कडा पुसायची, मग यंत्र टेकवायचं, मग बाटली उलटी करून रात्रभर कागदावर ठेवायची. सकाळी कागदावर लाल चंद्रकोर दिसली की ती बाटली बाद. पहिल्या खेपेला चंद्रकोरी बऱ्याच होत्या, पुसायला लागल्यावर थोड्या राहिल्या.

मग भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवरून शेडच्या लादीवर टाकून बघितलं. कोपऱ्यावर पडलं की बाटली टिकते पण झाकण सैल होतं. काकींचा सवाल: “वाटेत फुटला तर दुसऱ्याची साडी, पुस्तका सगळी लाल. ती धुवन काढूक तू जातलंस?”

आगळ ऑनलाइन बाजारपेठेत नाही. ते ट्रॅव्हल्सच्या गाडीनं, दहा-बारा बाटल्यांचं एक खोकं करून, बोरिवली नाहीतर डोंबिवलीला. तिथे एक ओळखीचं घर उतरवून घेतं आणि बाकीचे येऊन नेतात. ही पद्धत आधीपासून चालू आहे, तिला हात लावायचा नाही.

26 मे

पाऊस. मान्सून काल देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, मे संपायच्या आतच. आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच कोसळतोय. झाडावरची उरलेली कोकमं गळून चिखलात गेली. जी फोडून झाली होती त्यांना रस-मिठात बुडवून पुन्हा उन्हात घालायच्या खेपा बाकी होत्या. ऊनच नाही. चुलीवरच्या माळ्यावर घातली तर धुराचा वास धरतात.

दरवर्षीच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा जास्त माल हातात आहे. त्यातला काही नीट सुकलेला नाही, तो पाकिटात जाणार नाही. घरच्या सारात नाहीतर कालवणात गेला.

याचा बाजारपेठेच्या निवडीवर थेट परिणाम होतो. चार ठिकाणी माल चढवायचा आणि साठा एवढासा, म्हणजे एकीकडे विकलं गेलं की दुसरीकडचा आकडा लगेच हातानं कमी करायचा. विसरलं की ऑर्डर रद्द, आणि रद्द ऑर्डरींनी खात्याची पत जाते. यंदा एकच ऑनलाइन ठिकाण. ओएनडीसी आणि ई-सरस पुढच्या हंगामाला बघू. ओएनडीसीबद्दल माझं मत असं की आपल्याला तिथे जायला अडचण काहीच नाही, पण आमसूल शोधायला तिथे कोण येतंय हे मला अजून दिसलेलं नाही.

9 जून

खातं मंजूर झालं. पॅनवरचं गटाचं नाव आणि बँकेतलं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, तो बँकेत जाऊन सारखा करून घ्यावा लागला.

फोटो. पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच हवा. आमसूल पांढऱ्यावर ठेवलं की कोळशाचा तुकडा दिसतो. खिडकीजवळ धरलं, मागून उजेड आला, तेव्हा कडेचा जांभळा-लाल रंग उमटला. दुसरा फोटो पाण्यात भिजत घातलेल्या आमसुलांचा, वाटीतलं पाणी लाल होताना. तिसरा सोलकढीचा. चौथा लेबलचा, वाचता येईल असा. केळीच्या पानावरचा फोटो सगळ्यांना आवडला होता, तो पाचवा गेला.

वर्णनात पहिलीच ओळ: वापरण्याआधी एकदा पाण्यातून काढावं, मीठ वर असतं. दुसरी: रंग काळपट जांभळा असतो, वरून रंग लावलेला नाही.

खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याची निदान 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस शिल्लक हवेत, असं एफएसएसएआयनं ऑनलाइन कंपन्यांना गेल्या नोव्हेंबरात बजावलंय. आमसुलाला वर्षभर मुदत घातलीय, त्यामुळे आपल्याला त्रास नाही. कुळथाच्या पिठाचं पुढे कधी मनात आलं तर मात्र हे लक्षात ठेवायला हवं.

24 जून

ऑर्डरी येतायत, थेंब थेंब. पुणे, ठाणे, नाशिक, एक सोलापूर. कुरिअरवाला गावात येत नाही, पावसात तर नाहीच. तिठ्यावरच्या किराणा दुकानात पार्सलं ठेवायची आणि तो तिथून उचलतो. दुकानदार काका काही घेत नाहीत, त्यांना एक पाकीट दिलं.

दमट हवेत लेबलं सुटायला लागलीत. आमसूल भरताना पाउचच्या बाहेर मिठाचा हात लागतो आणि मीठ पाणी ओढतं. आता भरणारी वेगळी आणि लेबल लावणारी वेगळी.

14 जुलै

पैसे डिलिव्हरीनंतर साधारण आठवड्यानं खात्यात येतात. त्यात तक्रार नाही.

तक्रार आहे ती परत आलेल्या पार्सलांची. घरपोच रोखीवाली ऑर्डर, माणूस घरी नाही किंवा मन बदललं, पार्सल फिरून मागे. एक तर इतके दिवस कुठल्याशा गोदामात पडून होतं की पाकीट फुगून आलं. खाण्याचा माल, तो पुन्हा विकायचा नाही असं आपलं आपणच ठरवलंय. भरपाईचा अर्ज केला, फोटो मागितले, दिले, पाकीट मूळचंच खराब असल्याचं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं. अजून लोंबकळतंय. यापुढे प्रत्येक पार्सल बंद करताना फोनवर व्हिडिओ, वजनकाट्यावरच्या आकड्यासकट.

अभिप्राय बरे आहेत. एकानं एक तारा दिला, “अतिशय खारट” म्हणून. त्यानं आमसूल सरळ तोंडात टाकलं असावं. आणि पुण्याच्या एका बाईंनी लेबलवरच्या नंबरवर फोन करून वहिनींना विचारलं की आगळ मिळेल का. वहिनींनी पाऊण तास गप्पा मारल्या आणि तीन बाटल्या ठरवल्या.

30 जुलै

महिन्याचा ताळा मांडला. परतीचा फटका सगळ्या पार्सलांवर पसरला तर जोडपाकिटामागे 62 चे 45 च्या आसपास राहतात. तरी व्यापाऱ्याच्या 24 पेक्षा बरे. व्हॉट्सॲपवर तेच जोडपाकीट 260 ला दिलं, टपालखर्च गिऱ्हाइकानं वेगळा भरला, तर 260 मधून 137 जाऊन 123 राहतात. फरक एवढा की व्हॉट्सॲपवरचं माणूस आपल्याला आधीच ओळखतं. मुंबईतला गाववाला, त्याचा साडू, त्यांची शेजारीण. ती यादी किती वाढणार? बाजारपेठेवरची निम्म्याहून जास्त नावं आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीची नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला 78 रुपये कमी घ्यावे लागतात, असा हिशेब मी तरी लावते.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. “123 सोडून 45 कित्याक घेवचे?” हा काकींचा मुद्दा आहेच.

12 ऑगस्ट

बैठकीत वाटणी ठरली. शिल्लक आमसुलांपैकी अर्धी व्हॉट्सॲप आणि गावात येणाऱ्यांसाठी, कारण 27 तारखेला चतुर्थी आहे आणि चाकरमानी येतायत. पाव भाग ऑनलाइन, त्याच एका ठिकाणी, 299 लाच. घरपोच रोखीचा पर्याय जिथे बंद करता येत असेल तिथे बंद. उरलेला पाव व्यापाऱ्याला. तो अडीनडीला आगाऊ पैसे देतो, त्याला तोडायचं नाही, यावर एकमत.

आगळ सगळंच्या सगळं घरून. लोक गाडीच्या डिकीतून नेतात, बाटली हातात धरून बघतात, फुटण्याची जबाबदारी त्यांची.

जीएसटी नोंदणीचा विषय दिवाळीनंतर पुन्हा घ्यायचा. गोव्यातून वहिनींच्या फोनवर विचारणा व्हायला लागलीय, आणि नोंदणी झाली तर ॲमेझॉनचाही अर्ज त्याच बैठकीत. त्याआधी ट्रेडमार्क करावा का हे बघायचं, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी 4500 रुपये आहे. नावावर मात्र अजून भांडण मिटलेलं नाही.

चतुर्थीच्या आधी लागणारे: पाउच 300, लेबलं 300 (पाण्यानं न सुटणारी, कुडाळच्या छापखान्यात विचारायचं), आगळाच्या बाटल्यांचं फॉइल. सीलचं यंत्र शेजारच्या गटाकडून 20 तारखेच्या आत पुन्हा आणायचं, त्यांनाही त्याच आठवड्यात लागणार आहे.